बसगाडीच्या आधीचे बॉस्टन

बॉस्टन शहराच्या सरकारी शाळांतील वंशविभाजन घटनाबाह्य ठरवणाऱ्या निकालाला 2024 च्या जूनमध्ये पन्नास वर्षे झाली आणि त्या निमित्ताने एक जुना वाद पुन्हा डोके वर काढून बसला. तो तिथल्या इंग्रजी वर्तमानपत्रांपुरता राहिला असता, तर त्याविषयी मराठीत लिहिण्याचे फारसे कारण नव्हते. पण बॉस्टनच्या उपनगरांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही तो घातला जातो, आणि ज्या तऱ्हेने घातला जातो ती तऱ्हा मला सदोष वाटते. एक पक्ष म्हणतो की न्यायाधीशाने मुलांना जबरदस्तीने बसमध्ये बसवून परक्या वस्तीत धाडले, दंगे झाले, गोरी कुटुंबे शहर सोडून गेली आणि शाळा बुडाल्या. तेव्हा समाज एकत्र आणण्याचे असले प्रयोग फसतातच. दुसरा पक्ष म्हणतो की गोऱ्यांचा वर्णद्वेष आड आला, एरवी सगळे सुरळीत पार पडले असते. दोघेही गोष्टीची सुरुवात 1974 पासून करतात आणि दोघांच्याही गोष्टीत कर्ता एकच असतो : न्यायाधीश. माझे म्हणणे असे, की मुळात ही मागणी न्यायाधीशाची नव्हती. ती रॉक्सबरी वस्तीतल्या कृष्णवर्णीय आईबापांची होती. न्यायालयाच्या पायरीवर ते सर्वांत शेवटी गेले. आणि पुढे जे फसले त्याचे मुख्य कारण मुलांना एकत्र बसवणे हे नसून तो उपाय शहराच्या हद्दीत कोंडून ठेवणे हे होते.

सुरुवात शोधायचीच असेल तर सव्वाशे वर्षे मागे जावे लागते. बेंजामिन रॉबर्ट्स हे बॉस्टनमधले कृष्णवर्णीय मुद्रक. त्यांच्या पाच वर्षांच्या सारा या मुलीला घराजवळच्या शाळांनी प्रवेश नाकारला, कारण कृष्णवर्णीय मुलांसाठी बीकन हिल भागात स्मिथ शाळा निराळी ठेवलेली होती, आणि तिथे पोहोचण्यासाठी साराला गोऱ्या मुलांच्या पाच शाळा ओलांडाव्या लागत. रॉबर्ट्स यांनी शहरावर दावा लावला. चार्ल्स सम्नर आणि रॉबर्ट मॉरिस यांनी तो चालवला. मॉरिस हे देशातल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय वकिलांपैकी एक. (जोतीराव फुल्यांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी सज्जनांना, सम्नर हे त्या पंक्तीतले एक ठळक नाव.) राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1850 साली दावा फेटाळला. ‘वेगळे पण समान’ हे जे तत्त्व आपण अमेरिकेच्या दक्षिणेचे पाप म्हणून ओळखतो, ते 1896 साली प्लेसी खटल्यात मान्य करताना देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बॉस्टनच्या या निकालाचाच आधार घेतला होता. तरी पालक थांबले नाहीत. विल्यम कूपर नेल यांच्या पुढाकाराने त्यांनी मुले स्मिथ शाळेतून काढून घेतली, अर्जांमागून अर्ज केले, आणि 1855 साली मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाकडून शाळांतील वंशविभाजनावर बंदी आणवली. असा कायदा करणारे ते देशातले पहिले राज्य. आता मला सांगा, ‘आमच्या मुलांना घराजवळच्या शाळेत जाऊ द्या’ ही घोषणा 1974 साली बसगाड्या अडवणाऱ्यांनी दिली म्हणून आपण ती त्यांची मानतो. पण या शहरात ती न्यायालयापर्यंत प्रथम कोणी नेली? एका कृष्णवर्णीय बापाने, आणि तेव्हा घराजवळच्या शाळेचे माहात्म्य कोणालाही सुचले नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत 1855 चा कायदा पुस्तकात राहिला. दक्षिणेतून आलेली कृष्णवर्णीय कुटुंबे रॉक्सबरी आणि आसपासच्या भागांत दाटीने राहत होती, कारण इतरत्र बँका कर्ज देत नव्हत्या आणि घरमालक घर देत नव्हते. अशा शहरात शाळा वेगळ्या ठेवायला उघड नियमाची गरज नसते. प्रवेशक्षेत्रांच्या रेषा हव्या तशा आखल्या की काम भागते. रूथ बॅटसन यांचा जन्म याच रॉक्सबरीतला, आईवडील जमैकाहून आलेले. त्यांनी 1951 साली शहराच्या शाळा समितीची निवडणूक लढवली आणि त्या हरल्या. पुढे ‘एनएएसीपी’ या नागरी हक्क संघटनेच्या शिक्षणविषयक उपसमितीचे काम हाती घेऊन त्यांनी शाळांची माहिती गोळा करायला सुरुवात केली. गोऱ्या मुलामागे सरासरी 340 डॉलर खर्च होत असताना कृष्णवर्णीय मुलामागे 240 होत होते, हा त्या माहितीतला आकडा त्या पुढे अनेकदा सांगत. 11 जून 1963 रोजी त्यांनी समितीपुढे चौदा मागण्या ठेवल्या. तारीख मुद्दाम नोंदवतो. त्याच दिवशी अलाबामाचे गव्हर्नर जॉर्ज वॉलेस विद्यापीठाच्या दारात कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांची वाट अडवून उभे राहिले होते, आणि त्याच रात्री बॉस्टनच्याच मातीतले अध्यक्ष केनेडी यांनी दूरचित्रवाणीवरून नागरी हक्कांविषयी देशाला उद्देशून भाषण केले. वॉलेस यांचे छायाचित्र जगभर गेले. बॉस्टनच्या समितीने, लुईझ डे हिक्स यांच्या अध्यक्षतेखाली, काही मागण्यांवर चर्चेची तयारी दाखवली; शहराच्या शाळा प्रत्यक्षात वंशानुसार विभागलेल्या आहेत एवढे मात्र मान्य करायला ती तयार नव्हती. रोग आहे हेच नाकारल्यावर औषधाची चर्चा कोणाशी करायची? त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात हिक्स सर्वाधिक मतांनी पुन्हा निवडून आल्या.

त्या नकारानंतर आठवड्याभरात, 18 जून रोजी, कार्यकर्त्यांनी मुलांना शाळेतून बाहेर राहण्याची हाक दिली. नोएल डे आणि पाद्री जेम्स ब्रीडन हे त्यांतले पुढारी. सुमारे तीन हजार मुले त्या दिवशी शाळेऐवजी चर्च आणि समाजकेंद्रांत भरवलेल्या ‘स्वातंत्र्य शाळां’त गेली; सरकारी पुस्तकांत नसलेला कृष्णवर्णीयांचा इतिहास आणि नागरिकांचे हक्क तिथे शिकवले गेले. पुढच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या बहिष्कारात मुलांची संख्या वीस हजारांच्या आसपास गेली. हे एकट्या बॉस्टनचे नव्हते. शिकागोत 22 ऑक्टोबर 1963 रोजी दोन लाखांहून अधिक मुले घरी राहिली. तिथले शिक्षणप्रमुख बेंजामिन विलिस कृष्णवर्णीयांच्या गच्च भरलेल्या शाळांच्या आवारात फिरत्या वर्गखोल्या आणून ठेवत होते, पण शेजारच्या गोऱ्या शाळांतले रिकामे बाक देत नव्हते. न्यू यॉर्कमध्ये 3 फेब्रुवारी 1964 रोजी, पाद्री मिल्टन गॅलमिसन आणि बेयर्ड रस्टिन यांच्या नेतृत्वाखाली, साडेचार लाखांहून अधिक मुले गैरहजर होती. वॉशिंग्टनच्या ज्या प्रसिद्ध मोर्चात मार्टिन लूथर किंग यांचे भाषण झाले, त्याला अडीच लाख लोक होते. मग तो मोर्चा शाळकरी मुलांनाही ठाऊक आणि हा बहिष्कार अभ्यासकांच्या टिपांत, असे का? एक कारण असे की महिन्याभराने काही हजार गोऱ्या पालकांनी ब्रुकलिन पुलावरून विरोधी मोर्चा काढला आणि राज्यकर्त्यांनी ऐकले ते त्यांचे. त्याच वर्षीच्या नागरी हक्क कायद्यात, शाळांतील वांशिक असमतोल दूर करण्यासाठी मुलांची नेमणूक करणे हा या कायद्याचा अर्थ नव्हे, असे स्पष्ट कलम घातले गेले. दक्षिणेच्या शाळा सुधारायच्या आणि उत्तरेच्या झाकून ठेवायच्या, ही सोय कायद्याच्या मजकुरातच आहे.

आता बसगाड्यांकडे येऊ, कारण सगळा राग त्यांच्यावर आहे. बॉस्टनमध्ये नियम असा होता की दुसऱ्या भागातल्या शाळेत जागा रिकामी असेल तर कोणतेही मूल तिथे जाऊ शकते, मात्र प्रवासाचा खर्च पालकांनी करायचा. नियम करणाऱ्यांनी तो कोणी वापरेल अशी अपेक्षा बहुधा केली नसावी. सप्टेंबर 1965 मध्ये एलेन जॅक्सन आणि रॉक्सबरीतल्या इतर आयांनी रिकाम्या जागांच्या याद्या मिळवल्या, वर्गणी काढली, घरी केलेले पदार्थ विकून पैसे उभे केले आणि बसगाड्या भाड्याने घेऊन काही शे मुले शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळांत पोहोचवली. या उपक्रमाला त्यांनी ‘ऑपरेशन एक्सोडस’ नाव दिले. म्हणजे शाळा एकत्र करण्यासाठी बॉस्टनमध्ये धावलेल्या पहिल्या बसगाड्या गरीब आईबापांच्या खिशातून आल्या. पुढच्या वर्षी ‘मेटको’ ही योजना सुरू झाली : रॉक्सबरीसारख्या भागांतली 220 मुले ब्रुकलाइन, न्यूटन, लेक्सिंग्टन, वेलस्ली अशा सात उपनगरांच्या शाळांत जाऊ लागली, आणि लवकरच तिचा कारभार बॅटसन यांच्याकडे आला. ती योजना आजही चालू आहे. दररोज पहाटे सुमारे तीन हजार मुले तिच्या बसगाड्यांनी शहराबाहेरच्या शाळांत जातात. त्या बसवर कोणी दगड मारत नाही, तिच्याविरुद्ध मोर्चे निघत नाहीत, उलट उपनगरे तिचा अभिमानाने उल्लेख करतात. का? कारण ती एकाच दिशेने धावते, आणि किती मुले घ्यायची ते उपनगर ठरवते. तेव्हा आक्षेप चाकांना होता असे म्हणणाऱ्यांनी साठ वर्षे निमूट चाललेल्या या बसचा खुलासा करावा.

विरोधी पक्षाच्या मुद्द्यांपैकी पहिला सक्तीचा आहे आणि तो हलका नाही. लोकांनी निवडलेल्या समितीला बाजूला सारून एका नियुक्त न्यायाधीशाने शहराच्या शाळा वर्षानुवर्षे चालवाव्यात, हे लोकशाहीत शोभत नाही, हे मला पटते. फक्त त्याआधी काय झाले ते सांगावे लागते. राज्याच्या शिक्षण विभागाने नेमलेल्या समितीने एप्रिल 1965 मध्ये राज्यातल्या असमतोल शाळांची यादी केली. त्यांतल्या बहुतेक बॉस्टनच्या निघाल्या. त्याच महिन्यात किंग यांनी रॉक्सबरीहून शहरातल्या कॉमन मैदानापर्यंत मोर्चा नेला. पाद्री व्हर्नन कार्टर यांनी शाळा समितीच्या कार्यालयाबाहेर 114 दिवस रात्रंदिवस धरणे धरले, आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळाने कायदा केला की निम्म्याहून अधिक मुले गौरेतर असलेली शाळा असमतोल मानली जाईल आणि तो असमतोल दूर करावा लागेल. हा कायदाही लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींनीच केला होता ना? शहराच्या समितीने तो नऊ वर्षे टोलवला. समितीचे पाचही सदस्य संपूर्ण शहरातून निवडले जात असल्याने अल्पसंख्य वस्तीला आपला माणूस पाठवणे जवळजवळ अशक्य होते. जॉन ओब्रायंट हे त्या शतकात निवडून आलेले पहिले कृष्णवर्णीय सदस्य, आणि तेही 1977 साली. अर्ज झाले, निवडणूक झाली, बहिष्कार झाले, वर्गणी झाली, कायदा झाला. मग 1972 साली पालकांनी दावा लावला. 21 जून 1974 च्या निकालात न्यायाधीश आर्थर गॅरिटी यांनी जे नोंदवले ते असे की प्रवेशक्षेत्रांच्या रेषा, कोणत्या शाळेतून कोणत्या शाळेत मुले चढवायची याची रचना, बदलीच्या सवलती आणि शिक्षकांच्या नेमणुका यांचा जाणूनबुजून वापर करून समितीने दोन स्वतंत्र शाळाव्यवस्था चालवल्या. शहरातल्या शिक्षकांत कृष्णवर्णीय पाच टक्क्यांच्या आसपास होते. सक्ती त्या दिवशी सुरू झाली नाही. एका बाजूची सक्ती तोवर कोणी मोजत नव्हते.

दुसरा मुद्दा वर्गाचा, आणि इथे मी विरोधकांना बरेच काही देऊन टाकायला तयार आहे. पहिल्या वर्षीच्या योजनेने रॉक्सबरीची जोडी साउथ बॉस्टनशी घातली. म्हणजे शहरातल्या गरीब कृष्णवर्णीयांची गाठ गरीब आयरिश वस्तीशी. दोन्हीकडच्या शाळा सुमार होत्या. 12 सप्टेंबर 1974 रोजी साउथ बॉस्टन हायस्कूलपाशी मुलांच्या बसवर दगड पडले, आणि 5 एप्रिल 1976 रोजी नगरभवनासमोरच्या चौकात टेड लँड्समार्क या कृष्णवर्णीय वकिलावर राष्ट्रध्वजाच्या काठीने हल्ला झाला. स्टॅन्ली फोरमन यांच्या त्या छायाचित्राला पुलित्झर पुरस्कार मिळाला. या क्रौर्याचे समर्थन होऊ शकत नाही. पण साउथ बॉस्टनच्या लोकांची एक तक्रार खरी होती, की हिशोब फेडायला गरिबांनाच बोलावले आहे. गॅरिटी स्वतः वेलस्लीला राहत, जिथे त्यांचा आदेश लागू नव्हता. हा आरोप त्यांच्या तोंडावर केला गेला आणि त्याला समाधानकारक उत्तर नव्हते. मात्र उपनगरे कोणी वाचवली? बॉस्टनच्या निकालानंतर पाचच आठवड्यांत, 25 जुलै 1974 रोजी, देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने डेट्रॉइटच्या मिलिकेन खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी ठरवले की उपनगरांचा स्वतःचा दोष सिद्ध झाल्याखेरीज त्यांना शहराच्या एकत्रीकरणात ओढता येणार नाही. थर्गुड मार्शल यांनी कडक विरोधी मत नोंदवले. एका मताने निकाल उलटा लागला असता तर बॉस्टनच्या योजनेलाही वेलस्ली आणि लेक्सिंग्टन यांच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मोकळी झाली असती. वर्गाचा मुद्दा मांडणाऱ्यांनी खरे तर व्याप्ती वाढवण्याची मागणी करायला हवी. पण तो मांडला जातो तो सगळेच बंद करण्यासाठी.

गोरी कुटुंबे निघून गेली हा आक्षेप आकड्यांसह केला जातो आणि आकडे खरे आहेत. 1970 च्या दशकाच्या आरंभी नव्वद हजारांच्या वर असलेली विद्यार्थिसंख्या 1980 च्या दशकाच्या अखेरीस साठ हजारांच्या खाली आली. आदेशामुळे हा ओघ वाढला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण 1950 साली आठ लाखांवर असलेली शहराची लोकसंख्या 1970 साली सहा लाख एक्केचाळीस हजार झाली होती. ही एक लाख साठ हजारांची घट एकही सक्तीची बस धावण्यापूर्वीची आहे. ती महामार्ग, स्वस्त गृहकर्ज आणि उपनगरांतली घरे यांनी घडवली, आणि ती कर्जे आणि ती घरे कृष्णवर्णीयांना बहुतांशी बंद होती. ज्या गळतीला वीस वर्षांचा इतिहास आहे तिचे सगळे खापर एका निकालावर फोडणे हे हिशोबात बसत नाही.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र वेगळ्याच दिशेने येतो. नागरी हक्कांचे खटले स्वतः लढवलेले कृष्णवर्णीय कायदेपंडित डेरिक बेल यांनी 1976 साली लिहिले की वकील एकत्रीकरणाच्या आदर्शासाठी लढत आहेत आणि पालकांना हवे आहे चांगले शिक्षण. अशिलाचे हित आणि वकिलाचे ध्येय यांत अंतर पडले आहे. बॉस्टन हे त्यांचे एक उदाहरण होते. गोऱ्या मुलांच्या शेजारी बसल्याशिवाय आपले मूल शिकणार नाही, या गृहीतकात अपमान आहे, हे कोण नाकारेल? त्याच रॉक्सबरीत पालकांनी 1960 च्या दशकात स्वतःच्या शाळाही काढल्या होत्या. हायलँड पार्क फ्री स्कूल ही त्यांतली एक. तरीही हा आक्षेप बॅटसन यांच्या युक्तिवादाला भिडत नाही. त्यांचे म्हणणे शेजाराविषयी नव्हते, पैशाविषयी होते : या शहरात पुस्तके, दुरुस्ती आणि चांगले शिक्षक गोऱ्या मुलांच्या मागे जातात, तेव्हा आमची मुले त्याच वर्गात असली तरच त्यांना ते मिळेल. स्वतःची संस्था आणि सामायिक शाळा यांत विरोध असलाच पाहिजे असेही नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात जातवार वसतिगृहांना उदार हस्ते मदत केली, आणि त्यांनीच 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळांत घेण्याचा हुकूम काढला. पहिले पाऊल माणसाला उभे राहायला जागा देते आणि दुसरे सरकारी खजिन्यावरचा त्याचा वाटा वसूल करते. वेगळ्या शाळेला समान पैसा पोहोचवणारे राज्य अस्तित्वात असते तर बेल यांचा पर्याय मी उचलून धरला असता; सारा रॉबर्ट्सपासूनच्या सव्वाशे वर्षांत तसे राज्य बॉस्टनला दिसले नव्हते.

आणि परिणामांचे काय? अर्थशास्त्रज्ञ रकर जॉन्सन यांनी 1945 ते 1968 या काळात जन्मलेल्या मुलांचा प्रौढ वयापर्यंत माग काढून दाखवले आहे की ज्या भागांत न्यायालयाच्या आदेशाने शाळा एकत्र झाल्या तिथल्या कृष्णवर्णीय मुलांचे शिक्षण लांबले, कमाई वाढली, तुरुंगात जाण्याचे प्रमाण घटले, आणि गोऱ्या मुलांचे नुकसान झाले नाही. ‘मेटको’विषयी एलिझाबेथ सेट्रेन यांच्या संशोधनाचा निष्कर्षही त्याच दिशेचा आहे : गुण, महाविद्यालयीन प्रवेश आणि पुढची कमाई या तिन्हींत लाभ, उपनगरांतल्या वर्गसोबत्यांना तोटा नाही. बॉस्टनची 1974 ची योजना उत्तम होती असे यावरून सिद्ध होत नाही. ती घाईत आखलेली होती आणि तिची किंमत मुलांनी दिली. पण ‘असले प्रयोग फसतातच’ हे विधान पुराव्यावर उभे नाही एवढे नक्की.

मराठी वाचकाने या वादात काय पाहावे? आपल्यापैकी जे तिकडे गेले ते 1965 च्या ज्या कायद्याने आशियाई स्थलांतरितांना दार उघडले त्यामुळे गेले, आणि तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या भरतीतच झाला. आता ते घर घेताना प्रथम शाळेचा क्रमांक पाहतात, यात गैर काही नाही. प्रत्येक बाप तेच करील. पण शाळेचा क्रमांक घराच्या किमतीत भरलेला असतो, आणि घराची किंमत एका एकरावर एकच घर बांधू देणाऱ्या नियमांनी चढी ठेवलेली असते. प्रवेशक्षेत्राच्या रेषांचे काम आता गावाची हद्द करते. मॅसॅच्युसेट्सने 2021 साली कायदा करून लोकल रेल्वेच्या जाळ्यातल्या 177 गावांना आणि शहरांना अनेक कुटुंबांच्या इमारतींसाठी जागा राखायला सांगितले. बॉस्टनला लागून असलेल्या मिल्टन गावाच्या सभेने तशी योजना संमत केली, आणि फेब्रुवारी 2024 मध्ये गावातल्या मतदारांनी सार्वमत घेऊन ती रद्द केली. राज्याला न्यायालयात जावे लागले आणि जानेवारी 2025 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा बंधनकारक असल्याचा निर्वाळा दिला. बसची सक्ती नको, लोकांनी आपखुशीने शेजारी राहावे, असे जे म्हणतात त्यांच्यासाठी हाच तो आपखुशीचा मार्ग होता. तो गावसभेत मतदानाला येतो तेव्हा हात वर करायला ते येतात की नाही, एवढे तपासून मग त्यांच्याशी 1974 विषयी वाद घालावा.